हाडात घुसलेलं हाड: एका निरोगी जबड्याच्या डिजिटल मॉडेलचं प्रकरण

स्क्रीनवर डाव्या सांध्यात लाल डाग उमटला तेव्हा नाना शेजारच्या बाकावर बसून प्रयोगातली उरलेली कळण्याची भाकरी ठेच्याला लावून संपवत होते. लाल म्हणजे हाडात हाड घुसलं. सॉफ्टवेअरचं म्हणणं असं, की या माणसाने तोंड 15 मिलिमीटर उघडलं की त्याच्या खालच्या जबड्याचं टोक कवटीच्या हाडात 0.7 मिलिमीटर शिरतं. उजवीकडेही तेच, जरा कमी. आणि हा माणूस आमच्यासमोर चावतोय, बोलतोय, मध्येच ठेचा फिका झालाय म्हणून कुरकुरतोय.

"काय व्हयनं ताई?" आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं.

आमच्या पीजीच्या मुलाने खरं काय ते सांगून टाकलं, की मॉडेलमध्ये तुमचा सांधा बिघडलेला दिसतोय. नाना हसले. "मन्हं तोंड बरं शे. तुमनं मशीन दखा."

पुढचे तीन आठवडे आम्ही तेच केलं.

कशासाठी हा खटाटोप

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कवळ्या, कॅप, ब्रिज बसवणारी. काम धुळे जिल्ह्यात. कॅप बनवणाऱ्या लॅबवाल्याच्या टेबलावर रुग्णाचा जबडा नसतो, आर्टिक्युलेटर नावाचं धातूचं बिजागर असतं. त्यावर सांध्याच्या उताराचा कोन बहुतेक वेळा 30 अंशांवर आणि जबडा बाजूला सरकतानाचा बेनेट कोन 15 अंशांवर लावून दिलेला असतो. सरासरी आकडे. बऱ्याच जणांचं त्यात भागतं. ज्यांचं भागत नाही ते आठवड्याने परत येतात, "एका बाजूला चावताना लागतं" म्हणतात, आणि आम्ही निळा कागद दातांत धरायला लावून नवी कोरी कॅप घासत बसतो.

तोंडात फिरवून दातांचा आकार टिपणारा इंट्राओरल स्कॅनर आला, हाडांचं त्रिमितीय एक्स-रे चित्र देणारा सीबीसीटी स्कॅन तालुक्याच्या गावापर्यंत पोचला, जबड्याची हालचाल टिपणारे कॅमेरे मिळू लागले. तेव्हा वाटलं, सरासरी बिजागर बाजूला ठेवून माणसाचा स्वतःचा सांधा स्क्रीनवर हलवता येईल. सुरुवात निरोगी माणसांपासून करायची ठरली. चांगल्या सांध्याचं मॉडेल नीट करता आलं नाही, तर उद्या दुखणाऱ्या सांध्याचं करताना बिघाड सांध्यातला की मॉडेलमधला, हे सांगणार कोण?

नाना आमचे चौथे स्वयंसेवक. वय 48, साक्री तालुक्यात कांद्याची शेती. वरच्या दोन दाढा गेलेल्या, तिथे इम्प्लांट बसवायचे म्हणून त्यांचा सीबीसीटी आधीच काढलेला होता. खरं तर इम्प्लांटसाठी छोटा स्कॅन पुरतो. पण सेंटरवाल्यांनी सवयीने पूर्ण चेहऱ्याचा काढला, दोन्ही कानांपुढचे सांधे त्यात आले. एरवी मी यावर चिडले असते, कारण गरज नसताना किरणोत्सार कशाला? पण आता तो स्कॅन हातात होता, आणि निव्वळ अभ्यासासाठी धडधाकट माणसाला एक्स-रे यंत्रात उभं करणं आमच्या एथिक्स कमिटीला मान्य नव्हतं, मलाही नाही. नानांची लेखी संमती घेतली आणि तोच स्कॅन वापरला.

निरोगी म्हणजे कोण

हे ठरवणं सोपं वाटतं. खान्देशात ते सोपं नाही. महाविद्यालयातली तरणीबांड पोरं स्वयंसेवक म्हणून हौसेने येतात, तोंड उघडा म्हटलं की दोन बोटांवर अडकतात. गालाच्या आतून बोट फिरवलं की तारेसारखे कडक पट्टे लागतात, आतली त्वचा संगमरवरासारखी पांढुरकी. सबम्युकस फायब्रोसिस. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी 1953 साली या रोगाचं वर्णन केलं. त्याचं मूळ सुपारीत आहे, मग ती साधी असो की पुडीतली. राज्यात गुटख्यावर बंदी आली 2012 साली. पुड्या कुठे मिळतात हे ओपीडीत बसणाऱ्याला विचारू नये. अशा मुलाचा सांधा उत्तम असतो, पण गालच त्याला उघडू देत नाही. त्याच्या हालचालीवरून सांध्याचं मॉडेल केलं तर दाव्याला बांधलेला बैल बघून बैलाची चाल ठरवल्यासारखं होईल.

म्हणून आधी तोंडात डोकावायचं, मग बाकीचं. बाकीच्यासाठी 2014 पासून जगभर वापरात असलेली डीसी-टीएमडी ही तपासणीची पद्धत धरली: दुखतं का, कुठे दाबल्यावर दुखतं, आवाज येतो का, जबडा कधी अडकला होता का, तोंड किती उघडतं.

नानांना सुपारी नाही, तंबाखू नाही, बिडी नाही. चहा मोजू नये. सांध्याला आवाज नाही, दुखणं नाही. पट्टी लावून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजलं, 46 मिलिमीटर. तोंड मिटलेलं असताना वरचे दात खालच्यांवर 3 मिलिमीटर येतात, ते मिळवायचे. म्हणजे जबडा खरा उतरतो 49. निरोगी माणसात साधारण 40 ते 55 मिलिमीटर हे ठीक, 35च्या खाली गेलं की शंका घ्यायची. हे 3 मिलिमीटर मिळवायला आमचा विद्यार्थी विसरला होता, आणि पहिल्या दिवशी मॉडेल 49 दाखवतंय, पट्टी 46, म्हणून तासभर कॅमेऱ्याला शिव्या देत बसला होता. कॅमेरा बिचारा बरोबर होता.

सांधा

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी आधी फिरतं आणि मग पुढे निघून जातं, तिथे एक खळगा राहतो. फिरतं ते खालच्या जबड्याचं टोक, कॉन्डाइल. ते कवटीच्या खोबणीत बसतं. खोबणीच्या पुढे हाडाचा एक उंचवटा असतो, आणि तोंड मोठं उघडताना कॉन्डाइल त्या उंचवट्याच्या उतारावरून खाली-पुढे घसरतं. बऱ्याच निरोगी माणसांत ते माथ्याच्याही पुढे जातं. दोन हाडांच्या मध्ये डिस्क असते, मध्यभागी पातळ आणि कडांना जाड, दोन्ही बाजूंनी दाबलेल्या चकतीसारखी. डिस्कच्या खालच्या कप्प्यात फिरणं, वरच्या कप्प्यात घसरणं. एका सांध्यात दोन सांधे, आणि डावा-उजवा मिळून चार, सगळे एकाच हाडाला जोडलेले. गुडघ्याचं असं नाही; एक गुडघा दुसऱ्याला विचारून वाकत नाही.

1908 साली लंडनच्या नॉर्मन बेनेट यांनी स्वतःच्याच जबड्याला छोटे दिवे लावून त्यांच्या उजेडाची वाट कागदावर उतरवली, आणि जबडा कुठल्याही एका स्थिर बिंदूभोवती फिरत नाही असं सांगितलं. 1952 साली स्वीडनच्या उल्फ पोसेल्ट यांनी खालच्या पुढच्या दाताचं टोक जास्तीत जास्त कुठे-कुठे पोचू शकतं याची सीमा आखली. बाजूने पाहिली तर ती पोपटाच्या चोचीसारखी दिसते. आजही आमच्या परीक्षेत ती काढायला येतेच. पुस्तकात लिहिलेलं असतं, पहिले 20-25 मिलिमीटर जबडा जागच्या जागी फिरतो, मग घसरतो. हनुवटी डॉक्टरने धरून उघडली तर तसं होतंही. माणूस आपल्या मनाने तोंड उघडतो तेव्हा फिरणं आणि घसरणं पहिल्या मिलिमीटरपासून बरोबरच चालू होतं. नानांच्या रेकॉर्डिंगमध्ये हेच दिसलं, आणि आधीच्या तिघांतही.

या प्रकरणासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच. मिटलेल्या तोंडात कॉन्डाइलचा माथा आणि खोबणीचं छत यांत साधारण अडीच मिलिमीटर फट असते, पुढच्या उताराशी ती सव्वाएक मिलिमीटरच्या आसपास. या फटीत डिस्क असते. सीबीसीटीत डिस्क दिसत नाही, फक्त मोकळी जागा दिसते. म्हणजे निरोगी माणसात हाडाला हाड लागायलाच नको, घुसायची तर बातच सोडा.

कानगोष्ट

मॉडेल कसं बनतं ते सांगितल्याशिवाय चूक कळणार नाही.

शाळेत कानगोष्टीचा खेळ खेळायचो. पहिल्याने दुसऱ्याच्या कानात सांगायचं, त्याने तिसऱ्याच्या, आणि शेवटचा जे बोलतो ते ऐकून सगळे लोळायचे. आमचा कॅमेरा पहिला गडी. त्याला सांधा दिसत नाही, दातही नीट दिसत नाहीत. त्याला दिसतात फक्त मार्कर, म्हणजे खालच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलेल्या हलक्या ट्रेवरचे ठिपके. दुसरा संच वरच्या दातांवर. कपाळपट्टीवर मार्कर लावायचा मोह होतो, पण माणूस भुवई उचलतो तेव्हा कातडी सरकते, हाड नाही. (नानांनी टोपी काढायला कुरकुर केली होती, म्हणून वरच्या दातांवर लावायचं निमित्तही झालं.) कॅमेरा प्रत्येक क्षणाला सांगतो, खालचे ठिपके वरच्यांच्या मानाने किती सरकले आणि किती फिरले. तीन आकडे सरकण्याचे, तीन फिरण्याचे.

दुसरी गोष्ट: ठिपके दातांच्या मानाने कुठे आहेत? ट्रेसकट दातांचं इंट्राओरल स्कॅन करून ते कळतं. तिसरी: दात हाडाच्या मानाने कुठे आहेत? त्यासाठी दातांचं स्कॅन आणि सीबीसीटीतले दात एकमेकांवर बसवायचे, जुळणी करायची. चौथी: हाडातले दात आणि कॉन्डाइल यांचं नातं. ते सीबीसीटीत आयतं मिळतं, कारण खालचा जबडा सलग एकच हाड आहे.

दातावरच्या ठिपक्याने सांध्यापर्यंत निरोप पोचवायचा. मध्ये तीन कान.

संशयित

पहिला संशय अर्थातच ट्रेवर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धुळ्यात दुपारी काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. पहिला ट्रे लाळेने आणि घामाने दहा मिनिटांत सुटला होता. नानांची मिशी दांडीला अडकत होती ती वेगळी. दुसऱ्या खेपेला दात नीट वाळवून रेझिनने पक्का बसवला. मध्येच वीज गेली, इन्व्हर्टर चालू होईपर्यंत कॅमेऱ्याने दोन सेकंद गाळले, तो तुकडा फेकून दिला. ट्रे हलला असता तर प्रत्येक हालचालीनंतर दात पुन्हा जुळल्यावर ठिपके वेगळ्याच जागी सापडले असते. आम्ही तपासलं: दर वेळी 0.1 मिलिमीटरच्या आत परत. शिवाय मॉडेलमध्ये दातांत दात कुठेही घुसत नव्हते. चावताना वरच्या दाढेच्या खाचेत खालच्या दाढेचा कंगोरा असा व्यवस्थित उतरत होता, की बघून समाधान व्हावं. म्हणजे ठिपक्यापासून दातापर्यंतचा निरोप शुद्ध होता.

दुसरा संशय थ्रेशोल्डवर. सीबीसीटीच्या करड्या चित्रातून हाड वेगळं काढताना कुठल्या छटेपासून हाड धरायचं हे आपण ठरवतो. सैल धरलं तर हाड जाड होतं. कमी-जास्त करून पाहिलं, एक-दोन दशांशांचा फरक पडला. लाल डाग लहान झाला, गेला नाही.

तिसरा संशय मला स्वतःला सर्वांत पक्का वाटत होता. सीबीसीटी काढताना डोकं हलू नये म्हणून माणसाच्या दातांत प्लॅस्टिकची खुंटी देतात. नानांच्या स्कॅनमध्ये ती होती. म्हणजे स्कॅनमधला त्यांचा जबडा मिटलेला नाहीच, पाच-सहा मिलिमीटर उघडा आहे. त्या स्थितीलाच मिटलेलं धरून पुढची हालचाल जोडली असेल तर सगळंच चुकेल. मोठ्या ऐटीने मी हे सांगितलं. विद्यार्थ्याने फाइल उघडून दाखवली. त्याने खालचा जबडा कवटीपासून वेगळा काढून, दातांच्या स्कॅनमध्ये घेतलेल्या चाव्यावरून मिटलेल्या जागी नेऊन बसवला होता. पोराचं काम बरोबर, माझा तर्क फुकट.

पण त्यातूनच एक गोष्ट लक्षात आली. मिटलेल्या तोंडात कॉन्डाइल कुठे आहे हे या मॉडेलला थेट कुणी सांगितलेलंच नाही. ते सर्वस्वी दातांच्या जुळणीवर बेतलेलं आहे.

जुळणीकडे मात्र कुणी बघेना, कारण तिचा निकाल हिरवा होता. सॉफ्टवेअर जुळणी झाली की सरासरी चूक दाखवतं. नानांची 0.2 मिलिमीटर. सीबीसीटीचं चित्र बारीक ठोकळ्यांचं बनलेलं असतं, इथे एक ठोकळा 0.4 मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या ठोकळ्याएवढी चूक. याहून चांगलं काय हवं?

"तीन पॉइंट कुठे घेतले?"

माझा भाचा नाशिकला टूलरूममध्ये आहे. होळीला घरी आला होता, जेवताना मी सगळं रामायण ऐकवलं. त्याला कॉन्डाइल म्हणजे काय माहीत नाही. त्याने एवढंच विचारलं, "मावशी, जुळवायला तीन पॉइंट कुठे घेतले?"

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. तिन्ही पुढच्या सहा दातांवर होते.

कारण उघड होतं. नानांच्या खालच्या दोन्ही पहिल्या दाढांवर धातूच्या कॅप. सीबीसीटीत धातूभोवती पांढऱ्या-काळ्या चिळकांड्या उडतात आणि शेजारचे दात त्यात बुडतात. पुढचे दात मात्र स्वच्छ, कडा रेखीव. विद्यार्थ्याने जिथे स्पष्ट दिसलं तिथे बिंदू घेतले, आणि सॉफ्टवेअरनेही सुधारणा करताना तिथलाच पृष्ठभाग धरला. मीही तेच केलं असतं.

"लांब जॉब एवढ्याशा बेसवर धरला तर दुसरं टोक डुलणारच," भाचा म्हणाला. जॉब म्हणजे यंत्रावर धरलेला तुकडा. मग पाकिटावर गणित करून दाखवलं. पुढचे सहा दात समोरून मागे मोजले तर जेमतेम 10 मिलिमीटर खोल. त्या 10 मिलिमीटरमध्ये 0.2 मिलिमीटरचा तिरकसपणा म्हणजे एक अंशाहून थोडा जास्त कोन. पुढच्या दातांपासून कॉन्डाइल साधारण 100 मिलिमीटरवर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बॉनविल यांनी दोन कॉन्डाइल आणि पुढचे दात मिळून 4 इंचांचा समभुज त्रिकोण कल्पिला होता, तो हाच. दहापट अंतर म्हणजे दहापट चूक: 0.2 चे 2 मिलिमीटर. तीच जुळणी मागच्या दाढांपर्यंत, म्हणजे 40 मिलिमीटर खोलीवर केली असती, तर तेवढ्याच चुकीचे सांध्यापाशी 0.5 मिलिमीटर झाले असते.

दोन मिलिमीटर! अडीच मिलिमीटरच्या फटीतून दोन गेले की अर्धा उरतो. नानांच्या मॉडेलमध्ये मिटलेल्या तोंडात नेमकी अर्ध्या मिलिमीटरची फट होती, आणि ती कमी आहे हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण तिथे लाल काही नव्हतं. कॉन्डाइल उतारावर आलं, तिथे मुळात फट सव्वा मिलिमीटरची, तेव्हा हाड हाडात गेलं.

कवटी उघडून मेंदूत सुई नेणाऱ्या नेव्हिगेशन यंत्रांच्या क्षेत्रात हे जुनं ज्ञान आहे. जिथे जुळवलं तिथली चूक आणि जिथे पोचायचं तिथली चूक या दोन वेगळ्या गोष्टी, आणि पहिली बघून दुसरी कळत नाही, हे तिथे 1998 साली फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी गणिताने मांडलं. आमच्या दातांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलीच दाखवतात, तीही हिरव्या रंगात. कॅप बनवणाऱ्याला तेवढी पुरते, कारण त्याचं काम दातापाशीच संपतं.

नानांना मी हे फोनवर सांगायचा प्रयत्न केला. कोन, अंश वगैरे दोन वाक्यं झाली असतील, त्यांनी मध्येच तोडलं. सरी पाडताना सुरुवातीला बोटभर वाकडी गेली तर बांधापर्यंत हातभर वाकते, तेच ना, म्हणाले. तेच.

पुन्हा जुळणी

धातूच्या चिळकांड्या असलेला भाग हाताने पुसून झाकला. दुसऱ्या दाढांच्या जिभेकडच्या बाजू, उपदाढा आणि पुढचे दात, दोन्हीकडचे सारखे, असा पसरट पाया घेतला. या वेळी सरासरी चूक 0.26 आली. आधीपेक्षा वाईट. विद्यार्थी हिरमुसला. मी म्हटलं, चालव.

कॉन्डाइल दोन मिलिमीटरला थोडं कमी खाली आलं. मिटलेल्या तोंडात डावीकडची फट 2.4 मिलिमीटर. तोंड उघडत नेलं, लाल कुठेही नाही. पण लाल न दिसणं हा पुरावा धरायचा नाही, एवढं तोवर शिकलो होतो. म्हणून दुसरी कसोटी लावली. फटीत डिस्क आहे आणि निरोगी सांध्यात ती कॉन्डाइलबरोबर सरकते. म्हणजे उतारावरून जाताना दोन हाडांतलं कमीत कमी अंतर फारसं बदलायला नको. झुरिकमध्ये पल्ला आणि गॅलो यांच्या गटाने एमआरआय आणि जबड्याची हालचाल एकत्र करून अशी फटीची मोजणी केली होती, तिला ते डायनॅमिक स्टिरिओमेट्री म्हणतात. आम्ही तेच, आमच्या साध्या हत्यारांनी केलं. नानांच्या डाव्या सांध्यात उतारभर हे अंतर 1.2 ते 1.6 मिलिमीटरच्या मध्ये राहिलं, उजवीकडे त्याच्या जवळपास. जुन्या चुकीच्या जुळणीत हाच आलेख उंटाच्या पाठीसारखा होता.

मग भाकरीचं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही मुद्दाम दोन पदार्थ ठेवले होते, पिकलेलं केळं आणि कालची कळण्याची भाकरी. ज्वारी-उडदाची ती भाकरी दुसऱ्या दिवशी काय होते ते खान्देशी माणसाला ठाऊक आहे, जबड्याला कामच लावते. केळ्याला नानांचा जबडा जवळजवळ सरळ वर-खाली, पाच-सहा घासांत संपलं. भाकरीला समोरून पाहिलं तर प्रत्येक चावा पाण्याच्या थेंबासारखा रुंद. खाली उतरायचं, घास ज्या बाजूला आहे तिकडे झुकायचं, आणि दाढ तिरकी आत येत दळायची. कठीण घासाला चावा रुंदावतो हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण उजवीकडे चावताना उजवं कॉन्डाइल जागच्या जागी किंचित बाहेर सरकतं, आणि त्याच क्षणी डावं खाली-पुढे-आत धावत जातं, हे एका ओळखीच्या माणसाच्या हाडात, त्याच्याच भाकरीवर चाललेलं बघणं वेगळंच. मी तो तुकडा चार वेळा लावला. आर्टिक्युलेटरच्या 30 अंशांच्या मानाने नानांचा डावा उतार बराच उभा, उजवा थोडा कमी. दोन्हींना एकच आकडा लावून कॅप केली असती तर निळा कागद घेऊन बसायची पाळी माझीच.

राहिलेल्या त्रुटीही नोंदवते. सीबीसीटीत डिस्क दिसत नसल्याने ती जागेवर आहे हे आम्ही लक्षणांवरून धरलं, बघितलेलं नाही. चावताना खालचा जबडा स्वतः किंचित वाकतो, मॉडेल त्याला दगडासारखा कडक धरतं. आणि 0.4 मिलिमीटरच्या ठोकळ्यातून काढलेल्या सव्वा मिलिमीटरच्या फटीचा दुसरा दशांश कुणी मनावर घेऊ नये.

तिसरी फाइल

नानांचा सांधा सुटला तेव्हा हुश्श केलं. रात्री झोपताना मात्र वाटलं, चूक सापडली ती हाड हाडात घुसलं म्हणून. ती उलट्या दिशेने असती तर? पुढच्या दातांवरची जुळणी जशी कॉन्डाइल दोन मिलिमीटर वर ढकलू शकते तशी खालीही ओढू शकते. मग फट वाढेल, काहीच कशाला लागणार नाही, लाल उमटणार नाही, आणि मॉडेल छान गुळगुळीत चालेल.

सकाळी आधीच्या तिन्ही फाइल काढल्या. पहिल्या दोघांच्या जुळणीत मागच्या दाढा होत्या, ठीक. तिसरी 26 वर्षांची मुलगी, शिरपूरची. तिला धातूच्या कॅप नव्हत्या, पण ब्रेसेस लावलेल्या होत्या, तारा काढायला अवकाश होता. मागच्या दातांवरच्या धातूमुळे तिथेही पुढचेच सहा दात धरलेले. मिटलेल्या तोंडात फट किती ते मोजलं: 4.3 मिलिमीटर. उतारावरून जाताना 3 च्या खाली कुठेच येत नव्हती. एवढ्या फटीत डिस्क तरंगत असेल म्हणायचं. नोंदवहीत त्या मॉडेलपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "उत्तम, टक्कर नाही."

तिच्या स्कॅनवर फक्त पुन्हा जुळणी करून भागेना. तारांमुळे पसरट पाया मिळत नव्हता. तारा निघाल्यावर दात पुन्हा स्कॅन करायला हवे होते. तिला फोन लावला, घडलेलं सांगितलं, माफी मागितली. तिला राग वगैरे काही आला नाही. तारा पुढच्या महिन्यात निघतायत म्हणाली, पण तेव्हा ती सासरी असणार. "मॅडम, आखाजीला माहेरी येईन ना, तेव्हा दोन दिवस काढून येते. केळं चालेल मला, ती भाकरी नको."